लेन्स नंतर, आधी पडदा

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. आजही रोज सकाळी स्कूटीवरून आमच्या पूर्व भागातल्या कारखान्यात येतात, तुटलेले तार जोडतात, मागांची सेटिंग बघतात. शुगर १४ वर्षांपासून आहे, मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.९ आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याची नजर ६/६०, डाव्याची ६/२४. एका दवाखान्यात ‘साधी फोल्डेबल बसवू’ म्हणाले. दुसरीकडे ‘परदेशी मल्टिफोकल घ्या, चष्माच लागणार नाही’ म्हणून जवळपास तिप्पट खर्च सांगितला. त्यात नातेवाईक रोज मोबाईलवर काहीतरी पाठवतात : मोतीबिंदू विरघळवणारे थेंब आले, डुकराच्या कातडीपासून डोळा तयार झाला. वडिलांचं म्हणणं, पिकू दे, थंडीत करू. कर्ज काढून महागाची लेन्स घ्यावी का? थेंबांसाठी वर्षभर थांबावं का? आणि ते मागावर परत कधी उभे राहू शकतील?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात लेन्सच्या किमती आहेत, शुगरचा आकडा आहे, नजरेचे आकडे आहेत. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याबद्दल, म्हणजे रेटिनाबद्दल, मात्र एक शब्द नाही. चौदा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच. मागाची फणी वाकडी असेल तर सूत कितीही महागाचं लावा, कापडात पट्टा येतोच. लेन्सचं तेच आहे. ती प्रकाश नीट आत सोडेल, पण तो प्रकाश पडतो त्या पडद्याच्या मध्यभागी सूज असेल, तर तिप्पट किमतीची लेन्सही ६/२४ च्या पुढे नेणार नाही.

उजव्या आणि डाव्या नजरेतला फरकही तपासून घ्यायला हवा. डॉक्टरांना एवढंच विचारा : ‘मोतीबिंदू दोन्हीकडे सारखाच आहे की उजवीकडे खरंच जास्त आहे?’ मोतीबिंदू सारखाच दिसत असेल आणि उजव्याची नजर तरीही एवढी कमी असेल, तर फरक मोतीबिंदूचा नाही, मागच्या पडद्याचा किंवा नसेचा आहे. हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं. नंतर कळलं तर घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘ऑपरेशन बिघडलं.’

तेव्हा या आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या. पहिली, थेंब टाकून बाहुली मोठी करून केलेली पडद्याची तपासणी. थेंब चढायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास धूसर दिसतं, म्हणून वडिलांना स्कूटी चालवू देऊ नका. दुसरी ओसीटी. यात सुई नाही, डोळ्याला स्पर्शही नाही. हनुवटी टेकवून बसायचं आणि पाच-दहा मिनिटांत पडद्याचा उभा छेद कागदावर येतो. त्या कागदावर मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये छापलेली असते. यंत्राप्रमाणे आकडा थोडा बदलतो, पण २५० ते २८० च्या आसपास नेहमीचा समजावा. तो ३०० च्या बराच पुढे असेल आणि चित्रात मध्यभागी काळे पोकळ कप्पे दिसत असतील, तर ती मधुमेहाची सूज. मोतीबिंदू इतका दाट असेल की आत काहीच दिसत नाही, तर निदान बी-स्कॅन सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना, एवढं तरी बघून घेतात.

पडदा कोरडा असेल तर ऑपरेशनला उशीर करायचं कारण नाही. सूज असेल तर आधी सुजेचा उपचार, किंवा दोन्ही बरोबरच. पडद्यावर नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील, तर लेझर किंवा इंजेक्शन आणि मग मोतीबिंदू. हा क्रम उलटा झाला तर सूज वाढते, कारण ऑपरेशनमुळे डोळ्यात होणारा थोडासा दाह मधुमेही पडद्याला सोसत नाही.

गेल्या वीस वर्षांत मधुमेही डोळ्यांसाठी खरी प्रगती झाली ती याच इंजेक्शनांमध्ये, लेन्समध्ये नाही. सुजलेल्या पडद्यात व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं, त्याने रक्तवाहिन्या गळू लागतात, आणि ही औषधं त्या प्रथिनाला बांधून ठेवतात. बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध, डोळ्यात सर्रास वापरतात आणि सगळ्यात स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅबची भारतात बनलेली आवृत्ती २०१५ पासून मिळते. अफ्लिबरसेप्ट त्यानंतरचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत असं दिसलं की नजर बऱ्यापैकी शाबूत असताना तिन्ही औषधं साधारण सारखीच चालतात, पण नजर ६/१५ किंवा त्याहून खाली गेलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरतं. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फॅरिसिमॅब दोन प्रथिनांना एकदम अडवतं, आणि सुरुवातीचे महिनावारी डोस झाल्यावर काही रुग्णांत चार महिन्यांपर्यंतचं अंतर चालतं. २०२३ मध्ये आलेला अफ्लिबरसेप्टचा ८ मिलिग्रॅमचा डोसही त्याच हेतूचा : इंजेक्शनं कमी, खेपा कमी.

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की माणूस दचकतो. वडिलांना हे असं सांगा. आधी भुलीचे थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुतात. काळ्या बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, केसासारखी बारीक सुई जाते आणि ०.०५ मिली औषध आत सोडतात. सगळं मिनिटभरात उरकतं. बेव्हासिझुमॅबची एक मोठी बाटली अनेक डोसांत वाटली जाते, म्हणून ही वाटणी कुठे आणि किती निर्जंतुक पद्धतीने होते, हे विचारायला संकोच करू नका. जंतुसंसर्गाच्या बातम्या येतात त्या बहुधा त्या वाटणीतूनच.

एचबीए१सी ८.९ चं काय? तेवढ्यावरून ऑपरेशन अडत नाही. पण तारीख ठरली म्हणून आठ दिवसांत शुगर झपाट्याने खाली आणण्याचा आटापिटा नको. फार वेगाने शुगर उतरवली तर काही जणांच्या पडद्याचा आजार सुरुवातीला उलट वाढतो. फिजिशियनच्या सल्ल्याने हळूहळू खाली आणा. रक्तदाबही मोजून घ्या, पडद्याला तोही तितकाच नडतो.

आता लेन्स. डोळ्यात बसवायच्या लेन्सची सुरुवात विमानातून झाली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या झाकणाचे प्लॅस्टिकचे कण घुसत आणि डोळे ते सहन करत. हे पाहून हॅरल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरांनी १९४९ मध्ये लंडनला त्याच प्लॅस्टिकची, म्हणजे पीएमएमएची, पहिली लेन्स बसवली. हा पदार्थ आजही वापरात आहे आणि डोळ्याला त्रास देत नाही. त्याची अडचण एकच : तो सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या आत मऊ होत नाही, म्हणजे घडी घालून आत सरकवता येत नाही. सहा मिलिमीटरची कडक चकती आत जायला तेवढीच वाट हवी. घडीच्या लेन्स आल्या त्या असे पदार्थ शोधून, जे खोलीच्या तापमानाच्या आसपास मऊ होतात. ही लेन्स सुरळी करून २.२ ते २.८ मिलिमीटरच्या चिरेतून आत जाते आणि शरीराच्या उबेने काही सेकंदांत हळूहळू उलगडते. टाका लागत नाही तो यामुळे.

फोल्डेबलमध्येही जाती आहेत आणि तुमच्या कामाची माहिती इथेच आहे. हायड्रोफिलिक ॲक्रिलिक म्हणजे पाणी धरणारी. तिच्यात साधारण १८ ते २६ टक्के पाणी असतं, ती मऊ आणि सहसा स्वस्त. पण काही डोळ्यांत काही वर्षांनी तिच्यात कॅल्शियमचे कण साचून ती दुधाळ होते. मधुमेहात, आणि पुढे पडद्याच्या ऑपरेशनसाठी डोळ्यात हवा किंवा गॅस भरावा लागला तर, हा धोका वाढतो. अशी दुधाळलेली लेन्स पुसता येत नाही, काढूनच बदलावी लागते. सिलिकॉनची लेन्स आता कमी दिसते. मधुमेह्याच्या डोळ्यात ती नको, कारण पुढे पडद्यासाठी सिलिकॉन तेल भरायची वेळ आली तर ते तेल लेन्सला चिकटून बसतं. हायड्रोफोबिक ॲक्रिलिकमध्ये पाणी नाममात्र असतं, कॅल्शियम साचत नाही. तिच्या काही जातींत वर्षांनुवर्षांनी पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे चमकतात. तपासणीत डॉक्टरांना ते दिसतात, रुग्णाला बहुधा काही जाणवत नाही.

तुमच्या वडिलांना हायड्रोफोबिक ॲक्रिलिकची, एकाच अंतराची, म्हणजे मोनोफोकल लेन्स योग्य. मधली चकती ६ मिलिमीटर, एकूण लांबी १३ मिलिमीटर, मागची कड चौकोनी. या चौकोनी कडेचं महत्त्व असं : मोतीबिंदू काढला तरी त्याची पातळ पिशवी मागे ठेवतात आणि लेन्स तिच्यातच बसते. पिशवीच्या काठावर उरलेल्या पेशी हळूहळू मध्याकडे सरकतात आणि दोन-तीन वर्षांनी ‘परत जाळी आली’ म्हणून लोक येतात. गोल कडेवरून त्या सहज सरकतात, चौकोनी कडेला अडतात. तरी जाळी आलीच तर याग लेझरने पाच मिनिटांत मध्यभाग मोकळा करतात. त्याला कोणी ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणालं तर ऐकून सोडून द्या, मोतीबिंदू परत येत नाही.

दवाखान्यात ‘साधी की भारी’ असं विचारू नका. डबा दाखवा म्हणा. डब्यावर पदार्थ, चकतीचं माप, पॉवर आणि कालबाह्य तारीख छापलेली असते. परदेशी या शब्दाला फार किंमत देऊ नका. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून इथेच लेन्स बनवून किमती खाली आणल्या आणि तिच्या लेन्स परदेशात जातात. ‘निळा प्रकाश अडवणारी पिवळी लेन्स’ म्हणून जास्त पैसे सांगत असतील तर नको म्हणा. तिने पडदा वाचतो असा भक्कम पुरावा नाही. अतिनील किरण अडवण्याची सोय बहुतेक लेन्समध्ये आधीपासूनच असते.

मल्टिफोकलला आमचा नकार का? तिच्यावर अतिशय बारीक वर्तुळाकार पायऱ्या असतात. त्या प्रकाशाचे दोन-तीन वाटे करतात : एक लांबसाठी, एक हाताच्या अंतरासाठी, एक वाचनासाठी. यात थोडा प्रकाश वायाही जातो. निरोगी पडदा हे चालवून घेतो. मधुमेह्याच्या पडद्याची फिक्या आणि गडद रंगातला फरक ओळखण्याची ताकद आधीच घटलेली असते, तिच्यात अजून वाटणी झाली की राखाडी ताण्यावरचा राखाडी तार दिसेनासा होतो. संध्याकाळी अक्कलकोट रोडवर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती वलयं दिसतील ते वेगळंच. पुढे पडद्याचा लेझर करायची वेळ आली, तर डॉक्टरांनाही त्या पायऱ्यांमधून बघणं जड जातं. अलीकडच्या ईडॉफ, म्हणजे फोकसचा पल्ला लांबवलेल्या, लेन्समध्ये वलयं कमी असतात आणि हाताच्या अंतरावरचं बऱ्यापैकी दिसतं. पण पडद्यावर आजाराची खूण असताना त्यासाठीही कर्ज काढावं असं वाटत नाही.

एका जास्तीच्या खर्चाला मात्र आमची हरकत नाही : टोरिक लेन्स. बुबुळाचा गोलावा आडवा-उभा असमान असेल आणि हा सिलिंडर नंबर सव्वाच्या पुढे असेल, तर टोरिकचे पैसे वसूल होतात. ती ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली तर तिचा सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो, तीस अंश फिरली तर सगळाच. म्हणून बसवणाऱ्याचा हात आणि आधीचं मोजमाप, दोन्ही पक्के हवेत. मोजमाप शक्यतो डोळ्याला न टेकणाऱ्या ऑप्टिकल यंत्रावर घ्या. मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश पलीकडे जात नाही आणि मग ए-स्कॅन, म्हणजे डोळ्याची लांबी मोजणारी सोनोग्राफी, लागतो. त्यात प्रोब जरा जास्त दाबला गेला की डोळ्याची लांबी कमी भरते, आणि एक मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास अडीच नंबरची चूक.

घरी एक काम करा. वडील मागासमोर तार जोडायला वाकतात तेव्हा टेप घेऊन त्यांच्या डोळ्यापासून ताण्यापर्यंतचं अंतर मोजा. ५० सेंटिमीटर असेल तर १०० भागिले ५०, म्हणजे २ नंबर. लेन्स लांबच्या नजरेसाठी बसवली तर त्या कामाला +२ चा चष्मा लागेल. वाचनाला साधारण +२.५. हा आकडा डॉक्टरांना आधीच सांगा. स्कूटी चालवायची असल्याने दोन्ही डोळे लांबसाठीच ठेवावेत असं आमचं मत आहे. मागासमोर त्यांना चष्मा कसाही लावावाच लागणार, कारण पुढे येईलच.

मोबाईलवरच्या बातम्या. थेंबांची गोष्ट खोटी नाही, पण ती जिथे होती तिथेच थांबली आहे. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या मोतीबिंदूचा धुरकटपणा कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. नंतर दुसऱ्या संशोधकांनी माणसाच्या काढलेल्या मोतीबिंदूवर तोच प्रयोग केला आणि काही विरघळलं नाही. बाजारात ‘मोतीबिंदू विरघळवणारे’ म्हणून मिळतात ते थेंब यातले नव्हेत. चष्मा घालवणारे म्हणून गाजले ते पिलोकार्पिनचे थेंब चाळिशीच्या चष्म्यासाठी आहेत. ते बाहुली लहान करतात. मोतीबिंदू मधोमध असेल तर लहान बाहुलीतून उलट कमीच दिसतं. आपल्याकडे २०२४ मध्ये अशा एका थेंबाला दिलेली परवानगी काही दिवसांतच स्थगित झाली होती, कारण जाहिरात परवानगीच्या पलीकडे गेली.

डुकराच्या कातडीची बातमी बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेची, म्हणजे कॉर्नियाची आहे. २०२२ मध्ये त्या कातडीतलं कोलॅजन शुद्ध करून बनवलेला पातळ पदर भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांना बसवला. त्यांचा कॉर्निया केराटोकोनसने पातळ झाला होता. नेत्रदानाचे डोळे कमी पडणाऱ्या आपल्या देशासाठी ही फार मोलाची वाट आहे. वडिलांच्या मोतीबिंदूशी तिचा संबंध नाही. ‘लेझरने ऑपरेशन’ म्हणून जादा पैसे सांगितले तर हेही ठाऊक असू द्या : नेहमीचं फेको, म्हणजे बारीक चिरेतून मोतीबिंदू फोडून काढण्याचं ऑपरेशन, लेझरचं नसून ध्वनिलहरींचं असतं, आणि खऱ्या फेम्टो लेझरने नजर जास्त चांगली येते असं २०२० मध्ये आलेल्या फ्रान्सच्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही.

पिकू देण्याचा काळ टाक्यांच्या ऑपरेशनचा होता. आता पिकलेला मोतीबिंदू म्हणजे कडक मोतीबिंदू. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींना बसतो, ज्या पुन्हा उगवत नाहीत. त्याहून जास्त पिकला की फुगून किंवा गळून डोळ्याचा दाब वाढवतो आणि भयंकर ठणका लागतो. शिवाय मोतीबिंदूआड पडदा दिसत नाही, म्हणजे तिकडचा आजार न दिसता वाढत राहतो. उजवा आधीच फार कडक झाला असेल, तर डॉक्टर फेकोऐवजी सहा-सात मिलिमीटरच्या बिनटाक्याच्या चिरेचं एसआयसीएस सुचवतील. ते कमी दर्जाचं समजू नका. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात दोन्ही पद्धतींची ४०० रुग्णांवर तुलना झाली, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन्ही सुरक्षित ठरल्या. आपल्या सिव्हिलसारख्या सरकारी रुग्णालयांत अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून हे ऑपरेशन लेन्ससह मोफत होतं. तिथे वाचलेला पैसा इंजेक्शनांसाठी बाजूला ठेवा, लागली तर ती एकदाच लागत नाहीत.

थंडीचंही तसंच. ऑपरेशन बारा महिने होतं. आपल्याकडे थंडीत गड्डा यात्रेची धूळ आणि एप्रिल-मेमध्ये डोळ्यात उतरणारा घाम, दोन्ही सारखेच त्रासाचे. यात्रेच्या आधीच्या किंवा नंतरच्या महिन्यात तारीख घ्या, एवढंच.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी द्या. लघवीसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर ती नक्की सांगा. तिने बाहुली ऑपरेशनच्या मध्येच आकसते आणि बाहुलीभोवतीची रंगीत पडदी लिबलिबीत होऊन चिरेतून बाहेर येऊ बघते. गोळी आधी बंद करून फारसा उपयोग होत नाही, पण डॉक्टरांना माहीत असेल तर ते तयारीत राहतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका.

नंतरचे थेंब चार ते सहा आठवडे चालतात : प्रतिजैविक, स्टेरॉइड आणि मधुमेह्याला सूज टाळण्यासाठी आणखी एक. वेळापत्रक डॉक्टरांचंच पाळा. प्रेडनिसोलोन अॅसिटेटची बाटली दर वेळी हलवून घ्या, औषध तळाशी बसलेलं असतं. न हलवता टाकलं तर आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटी औषधच औषध. दोन थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. बाटलीचं टोक पापणीला टेकू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी डोळ्याचा दाब मोजून घ्या, स्टेरॉइडने काहींचा वाढतो. ती बाटली संपल्यावर ‘धुळीने डोळा चुरचुरतो’ म्हणून दुकानातून पुन्हा आणून टाकायची नाही. कारखान्यांत ही सवय फार आहे आणि तिचा शेवट काचबिंदूत होतो.

दोन आठवडे डोक्यावरून अंघोळ नाही. चार-चार दिवस टाकीत साठवलेलं पाणी डोळ्यात जाणं चांगलं नाही. मानेखालून अंघोळ, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. दुखणं वाढत गेलं, पापणी सुजली, आलेली नजर उतरू लागली, तर उद्याची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो आणि त्यात तासांना किंमत असते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात ओसीटी पुन्हा करा, ऑपरेशननंतरची सूज तेव्हाच डोकं वर काढते. ती नाही असं दिसल्यावरच डाव्या डोळ्याची तारीख घ्या. लेन्सचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवून ठेवायला सांगा, दहा वर्षांनी पडद्याचा डॉक्टर तोच मागेल.

मागाबद्दल. हलकं बसून काम पहिल्या आठवड्यानंतर चालेल. जड बीम उचलणं, चढवणं महिनाभर नाही. आणि महिन्यानंतरही उघड्या डोळ्यांनी नाही. एक तर उडणारा कापूस, दुसरं म्हणजे धोटा. धोट्याचे माग असतील तर तो पेटीतून सुटून उडाला की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पॉलिकार्बोनेटच्या काचेचा, बाजूंना आडोसा असलेला चष्मा बनवून घ्या. नेहमीच्या सीआर-३९ प्लॅस्टिकचा तुकडा उडू शकतो, पॉलिकार्बोनेट वाकतं, तडकत नाही. त्याच्या काठाजवळ रंगाची किनार जाणवली तर ट्रायव्हेक्स मागा, ताकद तशीच आणि चित्र स्वच्छ. दोन्हींवर हार्ड कोट हवाच. कापूस बसला की कोरड्या कापडाने पुसायचं नाही, आधी पाण्याखाली धरायचं, नाहीतर तंतूतली धूळ काचेवर चरे पाडते. टेपने मोजलेला तो +२ नंबर याच चष्म्यात घाला : दुकानदाराला ५० सेंटिमीटरसाठी, एकाच नंबरचा, बायफोकल नको, असं सांगा. लेन्सचा नंबर पक्का व्हायला महिना-दीड महिना लागतो, तेव्हा ऑर्डर त्यानंतरच द्या. मधल्या दिवसांत मागाजवळ जायचंच असेल तर बिननंबरचा सेफ्टी गॉगल लावून उभं राहायचं, तार दुसऱ्याने जोडायचा.